मे आणि जुलैसाठी बांधायचे घर

सत्तरी, धारबांदोडा, सांगे किंवा काणकोण तालुक्यात थोडी जमीन घ्यावी, विजेच्या तारेवर आणि नळाच्या पाण्यावर विसंबून न राहणारे छोटेसे घर बांधावे आणि भोवती चार माड, पोफळी व भाजीचे वाफे असावेत, ही इच्छा पणजी-मडगावच्या सदनिकांत राहणारी बरीच मंडळी आता उघडपणे बोलून दाखवतात. अशा घराला ‘ऑफ-ग्रिड’ म्हणण्याची रीत पडली आहे. त्याची वीज, त्याचे पाणी आणि त्याच्या सांडपाण्याचा निचरा हे सारे त्याच जागेवर भागवायचे असते. अडचण अशी की, बहुतेक जण जमीन पाहायला जातात ती डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा ओहोळ वाहत असतो, विहिरीत पाणी असते, ऊन स्वच्छ पडते आणि रस्ता कोरडा असतो. त्या महिन्यात गोव्यातील कोणतीही जागा स्वयंपूर्ण वाटते.

खरी परीक्षा मे आणि जुलैत होते, आणि या दोन महिन्यांच्या मागण्या एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. मे महिन्यात ऊन भरपूर असते, पण विहीर तळ दाखवते. जुलैत पाण्याला तोटा नसतो, पण सलग कित्येक दिवस सूर्य दिसत नाही, लाकूड ओले होते आणि भिंतीला हात लावला तरी ओल लागते. घराचा प्रत्येक भाग, म्हणजे टाकी, सौर पॅनेल, छप्पर, शौचालयाचा खड्डा, या दोहोंपैकी जो महिना त्या भागाला अधिक वाईट असेल त्याच्या मापाने ठरवावा लागतो. उरलेले दहा महिने मग आपोआप निभावतात.

जमिनीपासून सुरुवात करू, कारण गोव्यात या विषयातील सर्वांत महाग चुका तिथेच होतात. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, पाहताना मालकाच्या नावावर नजर टाकून थांबू नये. कूळ म्हणून कोणाची नोंद आहे का आणि इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे, हेही वाचावे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) संरक्षण कायदा यांमुळे उताऱ्यावरील एखादी जुनी नोंद आजही पूर्ण जिवंत असू शकते. सत्तरीत याच्या जोडीला मोकासो आणि अल्वारा या इनाम वा पट्ट्याने दिलेल्या जमिनींचा पोर्तुगीज काळापासूनचा गुंता आहे, इतरत्र कोमुनिदादच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक मालकीच्या, जमिनी आहेत आणि उताऱ्यावर खासगी दिसणारी झाडीची जमीन ‘खासगी वन’ म्हणून निश्चित झालेली असू शकते. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव आणि भगवान महावीर या अभयारण्यांच्या हद्दीत किंवा हद्दीलगत असलेल्या जागेचा प्रश्न आणखी वेगळा आहे. भातशेतीच्या जमिनीबाबत तर शेतकरी नसलेल्याला ती हस्तांतरित करण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले आहेत. तेव्हा स्वस्तात मिळणारे हिरवेगार शेत पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

घर छोटे आणि विजेच्या जोडणीविना असले म्हणून परवाने चुकत नाहीत. जमीन कोणत्या विभागात मोडते हे पाहणे, भूमहसूल संहितेच्या कलम ३२ खालील भूरूपांतराची सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि पंचायतीचा बांधकाम परवाना अशी ती वाट आहे. ‘लाकडी केबिनच आहे, पाया नाही’ हा युक्तिवाद विक्रेत्यांच्या तोंडी फार असतो; तो वकिलाला विचारल्याशिवाय मान्य करू नये. उताराच्या जागेवर जेसीबी लावून सपाटी करण्याआधी नगर नियोजन कायद्यातील कलम १७-अ आठवावे, कारण परवानगीविना डोंगर कापणे आणि सखल जमीन बुजवणे या दोन्ही गोष्टींना त्याने मनाई आहे. झाड तोडायचे तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि विहीर किंवा कूपनलिका खणायची तर २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली. हे सारे कंटाळवाणे आहे, पण पाऊस चालू असताना करता येण्यासारखे हेच एक काम आहे.

आता पाण्याकडे वळू. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. घराच्या छपराने जमिनीवर ८० चौरस मीटर जागा झाकली असेल, तर त्यावर वर्षभरात पडणारे पाणी २,४०,००० लिटर होते. उडून जाणारे, सांडणारे आणि पहिल्या सरींबरोबर सोडून द्यावे लागणारे पाणी वजा करून ८० टक्के हाती लागले असे धरले, तरी १,९२,००० लिटर उरतात. चार माणसांच्या कुटुंबाने काटकसरीने माणशी रोज ८० लिटर वापरले, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या सुमारे २३५ दिवसांसाठी ७५,२०० लिटर लागतील. म्हणजे आभाळ आपल्याला गरजेच्या अडीचपट देते. पण देते ते चार महिन्यांत, आणि ७५,००० लिटर साठवायला पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाकी लागते. तिच्या खर्चात घराची एक खोली उभी राहील. त्यामुळे सगळे पाणी छपरावरचे वापरण्याचा हट्ट मला व्यवहार्य वाटत नाही. त्याऐवजी फक्त पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी छपरावरून घ्यावे. माणशी दहा लिटर धरले तर चौघांना त्याच २३५ दिवसांसाठी ९,४०० लिटर लागतात, आणि १०,००० लिटरची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपलेली) टाकी ही गोष्ट आवाक्यातली आहे. ही टाकी जूनच्या पहिल्या सरींनी भरू नये, कारण त्या पाण्यात उन्हाळाभराची धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छप्पर धुऊन निघालेले असते, तेव्हा ती धुऊन काठोकाठ भरावी आणि प्रकाश व डास आत जाणार नाहीत अशी बंद करावी.

बाकीच्या वापरासाठी विहीर किंवा झर. गोव्यातील जुनी कुळागरे, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, जिथे आहेत तिथेच का आहेत, हे समजले की पाणी कुठे शोधावे हेही समजते. डोंगरमाथ्यावरच्या सड्याचा, म्हणजे सपाट पठाराचा, जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते आणि त्याखालच्या चिकणमातीच्या थरावर आले की अडते, कारण चिकणमातीतून ते सहज उतरत नाही. मग ते त्या थरावरून आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत, जिथे हा सांधा उघडा पडतो, तिथे झर होऊन बाहेर येते. कुळागर त्या झरीच्या खाली असते. पाटाने पाणी आणायचे, पोफळीच्या आळ्यांतून फिरवायचे आणि उरलेले खालच्या केळींना द्यायचे, ही सारी रचना पंपाशिवाय केवळ उतारावर चालते. म्हणून जागा निवडताना सड्यावरच्या विस्तीर्ण दृश्यापेक्षा सड्याच्या कुशीतली जागा मोलाची. वरच्या सड्यावर मोठे बांधकाम किंवा चिरेखण, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची खाण, होणार असेल, तर खालच्या झरीची खात्री उरत नाही, हेही विक्रेत्याला नव्हे, गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे.

विहीर खणायची ती एप्रिल-मे महिन्यांत, भूजल सर्वांत खाली गेलेले असताना. नोव्हेंबरमध्ये सहा मीटरवर भरपूर पाणी लागले म्हणून काम थांबवलेल्या विहिरी मार्चमध्येच कोरड्या पडतात. जागेला उतार असेल तर पाण्याची टाकी घराच्या वर ठेवावी. दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. तीन-चार मीटर उंचीवरही नळ व्यवस्थित चालतो, फक्त फवाऱ्याखाली अंघोळीची हौस थोडी आवरावी लागते. दुपारच्या उन्हात सौरपंपाने टाकी भरून ठेवली की रात्री पाण्यासाठी वीज लागत नाही. एका अर्थी वरची टाकी ही सर्वांत स्वस्त आणि कधीही न बिघडणारी बॅटरी आहे.

विजेचे गणित मात्र जुलैवर बेतावे लागते. आधी गरज मोजू. नऊ वॉटचे सहा दिवे रोज पाच तास चालले तर २७० वॉट-तास होतात. तीस वॉटचे, कमी वीज खाणारे तीन पंखे दहा तास चालले तर ९००. लहान फ्रिजला सुमारे ८००, फोन, लॅपटॉप आणि इंटरनेटच्या यंत्रणेला २५०, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चाळीस मिनिटे चालवण्यास साधारण २७० आणि मिक्सर व किरकोळ वापराला १००. एकूण २,५९० वॉट-तास, म्हणजे सुमारे २.६ युनिट. बॅटरी भरताना आणि इन्व्हर्टरमधून जाताना चौथा हिस्सा वाया जातो असे धरले, तर पॅनेलने रोज साडेतीन युनिट निर्माण करायला हवीत. एक किलोवॉट क्षमतेची पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी चारेक युनिट देतात, त्यामुळे फेब्रुवारीत तेवढ्यावर भागते. जुलैत हेच उत्पादन निम्म्यावर येते आणि दाट मळभाच्या दिवशी त्याहूनही खाली. म्हणून याच घराला दोन किलोवॉटची पॅनेल घ्यावीत. पॅनेलच्या किमती गेल्या दशकात इतक्या उतरल्या आहेत की, पॅनेल जास्त घेणे बॅटरी जास्त घेण्यापेक्षा स्वस्त पडते.

बॅटरी दोन दिवसांच्या वापराची असावी, म्हणजे ५.२ युनिटची. पण कोणतीही बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. शिशाची ट्युब्युलर बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरली तर टिकते, त्यामुळे १०.४ युनिटचा साठा घ्यावा लागेल. बारा व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी १.८ युनिट साठवते, तेव्हा अशा सहा लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीतून ८० टक्के वीज काढता येते, म्हणून तिथे साडेसहा युनिटचा साठा पुरतो. ती महाग असते, पण पाणी घालावे लागत नाही आणि आयुष्यही बरेच जास्त. तिसऱ्या-चौथ्या सलग काळ्या दिवसासाठी बॅटरी दुप्पट करण्यापेक्षा त्या दिवशी फ्रिज बंद ठेवणे किंवा लहान जनित्र तासभर चालवणे शहाणपणाचे आहे. ऑफ-ग्रिड राहणाऱ्यांपैकी काहींना जनित्राचा उल्लेखही पराभवासारखा वाटतो. मला तसे वाटत नाही. वर्षातले चार दिवस चालणारे यंत्र हा सर्वांत कमी खर्चाचा विमा आहे. इस्त्री, गीझर आणि वातानुकूलन यांना मात्र या हिशेबात जागा नाही.

पॅनेल बसवणारे सहसा दक्षिणेकडे पंधरा अंशांचा कल देतात, कारण गोवा सुमारे साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षभराच्या बेरजेसाठी ते बरोबर असले, तरी जूनमध्ये गोव्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि मळभ असताना प्रकाश सगळ्या आकाशातून पसरून येतो. ज्याची नड पावसाळ्यात आहे त्याने कल थोडा कमी, दहा अंशांच्या आसपास ठेवावा. पाणी निथळून जाण्यापुरता तो पुरेसा असतो. पॅनेल माडाखाली लावू नयेत हे सांगण्याची गरज पडू नये, पण सावली टाळताना नारळ विसरले जातात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधील विजांसाठी तडितरोधक आणि चांगले अर्थिंग अत्यावश्यक आहे. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडून वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याने ओल राहते अशा ठिकाणी घ्यावा. केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान विजेच्या जाळ्याशी जोडलेल्या छतावरील संचांसाठी आहे, हे अंदाजपत्रक करतानाच लक्षात ठेवावे. आणि तार जागेजवळून जात असेल तर जोडणी घेऊन ठेवण्यात कमीपणा नाही.

घराच्या बांधणीविषयी गावातल्या गवंड्याला बरेच काही ठाऊक असते, म्हणून इथे थोडक्यात लिहितो. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होतो. तो पाणी शोषतो, त्यामुळे जोते उंच हवे, जोत्यावर ओल अडवणारा थर हवा आणि भिंतीवर झड येऊ नये म्हणून वळचण निदान तीन फूट बाहेर काढायला हवी. पाऊस मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्य दिशेने झोडपतो. त्या बाजूला पडवी ठेवली की भिंत वाचते, कपडे वाळतात आणि सरपणही कोरडे राहते. सपाट स्लॅब टाळावा. आधी हौसेने स्लॅब घालून मग गळतीला कंटाळून त्यावर पत्र्याचे छप्पर चढवलेली घरे गोव्यात गावोगाव दिसतात, म्हणजे लोकांनी एकाच घराला दोनदा छप्पर घातलेले असते. मंगळुरी कौले उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, पण त्यांवर शेवाळ धरते आणि माकडे ती फोडतात. पत्रा तापतो व पावसात कानठळ्या बसवतो, मात्र त्यावरचे पाणी स्वच्छ येते. माझ्या मते राहत्या घरावर कौले घालावीत आणि शेजारच्या खोपीवर पत्रा. पिण्याचे पाणी आणि सौर पॅनेल दोन्ही त्या पत्र्यावर न्यावीत. वर हिशेब केला तो ८० चौरस मीटरचा, पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात १०,००० लिटर भरायला पंधरा-वीस चौरस मीटर पत्राही पुरतो.

लाकडाला वाळवीची भीती असते. ज्या वारुळाला आपण सातेरी देवी म्हणून पुजतो, ते जागेवर असेल तर गावकरी ते मोडू देणार नाहीत आणि मोडूही नये. घर दूर घ्यावे आणि खांब दगडी पायावर उभे करावेत.

सांडपाण्याच्या बाबतीत जांभ्याचा तोच सच्छिद्रपणा आपल्यावर उलटतो. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ ते १८ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. जांभ्यात भेगा असतील तर अंतर आणखी वाढवावे. इथेही मोजमाप जुलैचे. पावसाळ्यात भूजल वर चढते, आणि खोल खणलेला खड्डा तेव्हा थेट विहिरीच्या पाण्याशी जोडला जातो. म्हणून खोल एका खड्ड्यापेक्षा उथळ दोन खड्डे बरे: एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा, आणि दोनेक वर्षांनी पहिल्यात तयार झालेले खत माडांना घालायचे. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी केळी व अळवाकडे सोडावे. मे महिन्यात परसातली हिरवाई त्याच पाण्यावर तगते.

स्वयंपाकासाठी गोबर गॅसचा विचार अनेक जण करतात. चार-पाच माणसांना दोन घनमीटरचा संयंत्र पुरतो, पण त्याला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे पाच गुरे. गोव्याची श्वेतकपिला गाय लहान चणीची असल्याने हिशेब आणखी ताणला जातो. गुरे पाळायची असतील तरच हा मार्ग धरावा. केवळ गॅससाठी गोठा म्हणजे चहासाठी मळा लावणे. अन्यथा एक सिलिंडर आणि सुधारित चूल पुरे. सौर जलतापक तर गरम पाणी ज्या महिन्यांत सर्वांत हवेसे वाटते त्याच महिन्यांत रुसतो. न्हाणीतल्या भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली, जाळ करण्याची जुनी सोय अजून बाद झालेली नाही, फक्त सरपण एप्रिलमध्येच तोडून, फोडून पडवीत रचलेले हवे. तांदूळ, सोलां (आमसुले), मिरच्या, चिंच, सुके मासे अशा पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी म्हापसा-मडगावच्या बाजारात मे महिन्यात होते ती याचसाठी. ज्या घराचा रस्ता जुलैत चार दिवस बंद पडू शकतो, त्याला ती जुनी सवय आजही लागू आहे. जुलै २०२१ च्या पुरात ओहोळांचे पाणी सत्तरी आणि डिचोलीत कुठवर चढले होते, हे गावात विचारून मगच जोत्याची जागा ठरवावी.

उन्हाळ्याचा आणखी एक धोका म्हणजे वणवा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात आणि राज्यात इतरत्र लागलेल्या आगींनी ते दाखवून दिले. काजूच्या डोंगरावरचे सुके गवत फेब्रुवारीअखेर कापून घराभोवती काही मीटरचा पट्टा मोकळा करावा आणि वरच्या टाकीला एक जाड नळी जोडून ठेवावी. याच दिवसांत, साधारण जानेवारी ते मे, गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाची काळजी घ्यावी लागते. सत्तरीत तो २०१५ पासून आढळला आहे. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. गवे आणि रानडुकरे भाजीच्या वाफ्यात शिरतात तेव्हा कुंपणाचा खर्च आठवतो, म्हणून तो आधीच धरावा.

कामाचा क्रमही हवामानाने ठरवून दिलेला आहे. पहिल्या जुलैत जागा पाहायची: रस्ता कुठे खचतो, पाणी कुठून वाहते, मळभात किती उजेड असतो. व्यवहार आणि कागदपत्रे मार्गी लावता लावता पुढचा मे येतो, तेव्हा विहिरीची परवानगी हाती असेल तर विहीर खणायची, आणि पाणी समाधानकारक लागले तरच बांधकामाचा विचार पुढे न्यायचा. चिरे, रेती आणि लाकूड ऑक्टोबरच्या अखेरीस रस्ता सुकला की जागेवर आणायचे. भिंती फेब्रुवारीपर्यंत, छप्पर एप्रिलपर्यंत. पॅनेल आणि बॅटरी सर्वांत शेवटी घ्यायच्या, आणि त्याही प्रत्यक्ष राहून किती वीज लागते हे महिनाभर एखाद्या साध्या मीटरवर मोजल्यानंतर, कारण वर मांडलेला २.६ युनिटचा आकडा एका कल्पित कुटुंबाचा आहे आणि तुमच्या घरात फ्रिज मोठा असू शकतो.